जुनी मोटार भंगारात घालण्याआधी तिचा नंबर काढून घ्या

इंग्लंडात सगेसोयरे असलेली घरे आपल्या वाचकांत थोडी नाहीत. कोकणातली माणसे बोटीवरच्या नोकरीच्या निमित्ताने तिकडच्या बंदरांवर उतरली, पुढे गिरण्या-कारखान्यांत लागली आणि तिथेच राहिली. त्या पहिल्या पिढीतले बुजुर्ग आता एकेक करून जात आहेत. त्यांच्या मागे घर, दुकान, बँकेतली शिल्लक यांचा हिसाब होतोच. पण आणखी एक चीज मागे राहते, जिची किंमत घरच्यांना बहुतेक वेळा ठाऊक नसते. ती म्हणजे मोटारीचा नंबर. गाडी चालू असेल तर अडचण नाही. गाडी वर्षानुवर्षे गॅरेजमध्ये सडत पडली असेल तर मात्र मामला नाजूक होतो, आणि एका चुकीने हजारो पौंडांची मालमत्ता भंगाराच्या गाडीवर चढून निघून जाते. आमच्या घरी ही चूक होता होता राहिली, म्हणून लिहितो आहे.

माझे मामू ब्लॅकबर्नला होते. कापडाच्या धंद्यातल्या माणसाला ते नाव सांगायला नको. एके काळी लँकेशायरच्या गिरण्यांनीच आपल्या हातमागाला खाली बसवले. मामूंनी तिथल्या गिरणीत रात्रपाळी केली, गिरणी बंद पडल्यावर बाजारात कापडाचा ठेला लावला आणि हात जरा मोकळा झाला तेव्हा १९९० सालची एक मर्सिडीज घेतली. नवी नव्हे, वापरलेलीच. त्या गाडीवर त्यांनी ७८६चा नंबर विकत घेऊन लावला. अबजदच्या हिशोबाने ७८६ म्हणजे काय हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. गाडीवर हा आकडा लावावा की लावू नये यावर उलेमांत दोन मते आहेत, त्यात मी पडत नाही. इतके मात्र खरे की इंग्लंडातल्या आपल्या लोकांत त्याला गिऱ्हाईक आहे, आणि जिथे गिऱ्हाईक आहे तिथे भाव आहे.

आपल्याकडे आरटीओत जादा पैसे भरून चॉइस नंबर मिळतो हे सर्वांना माहीत आहे. तिकडे मात्र नंबर हा स्वतंत्र माल झालेला आहे. मोटारींना नंबर लावण्याची सक्ती तिथे १९०३च्या कायद्याने झाली आणि १ जानेवारी १९०४ पासून ती अमलात आली. लंडनचा ‘ए १’ हा नंबर अर्ल रसेल यांनी घेतला, म्हणजे तत्त्ववेत्ते बर्ट्रांड रसेल यांचे थोरले बंधू. हौस तेव्हापासूनची. पण सरकारने स्वतः दुकान मांडले ते १९८९ साली. वेल्समधल्या स्वान्सी शहरात डीव्हीएलए नावाचे सरकारी खाते आहे, सगळ्या देशाच्या गाड्यांची नोंद तिथे राहते. ते खाते मागणी असलेले नंबर लिलावात विकते आणि पैसा सरकारी खजिन्यात जातो. २०१४ साली ‘२५ ओ’ हा नंबर पाच लाख अठरा हजार पौंडांना गेला. त्याआधी २००८ साली ब्रॅडफर्डचे मोटार व्यावसायिक अफजल खान यांनी ‘एफ १’ हा नंबर खर्चासकट ४,४०,६२५ पौंडांना घेतला होता; तो १९०४ पासून एसेक्स कौन्सिलकडे होता. हे मोठ्यांचे खेळ झाले. सामान्य माणसाचा नंबर काही शेकड्यांपासून काही हजार पौंडांपर्यंत विकला जातो.

नंबर वाचायची एक किल्ली आहे, ती आधी समजून घ्यावी. ऑगस्ट १९८३ पासून २००१ पर्यंत तिथल्या नंबरात पहिले अक्षर वर्ष सांगत असे. ‘एफ’ म्हणजे ऑगस्ट १९८८ ते जुलै १९८९, ‘जी’ पुढचे वर्ष, ‘एच’ त्याच्या पुढचे. १९६३ ते १९८३ या काळात हेच अक्षर शेवटी येई. सप्टेंबर २००१ पासून दोन अक्षरे, दोन आकडे आणि तीन अक्षरे अशी पद्धत आली, त्यातले आकडे वर्ष दाखवतात. नियम असा की गाडी आहे त्यापेक्षा नवी भासेल असा नंबर तिला लावता येत नाही. जुना भासेल असा चालतो. मामूंची गाडी ‘एच’ची आणि घेतलेला नंबर ‘एफ’चा, म्हणून तो बसला. उलट असते तर बसला नसता. जुन्या अक्षराच्या नंबराला भाव जास्त का, याचे एक कारण इथे आहे: तो जास्त गाड्यांवर बसतो.

आता मूळ मुद्दा. नंबर माणसाचा नसतो, गाडीच्या नोंदीला बांधलेला असतो. कायद्याने माणसाला मिळतो तो फक्त तो नंबर वापरण्याचा आणि हलवण्याचा हक्क, आणि तो हक्क गाडीच्या नोंदलेल्या ‘कीपर’पाशी असतो. गाडी विकली आणि नंबर काढून घेतला नाही, तर नंबर गिऱ्हाइकाबरोबर गेला. गाडी मोडीत काढली तर नंबर मोडीबरोबर संपला. मग रडून उपयोग नाही, अर्ज करूनही नाही.

मामूंची नजर अधू झाली तेव्हा २०१६ साली त्यांनी गाडी गॅरेजमध्ये लावली आणि स्वान्सीला कळवले की ही गाडी रस्त्यावर नाही. या कळवण्याला तिथे ‘सॉर्न’ म्हणतात. १९९८ साली ही पद्धत सुरू झाली. ज्या गाडीचा रोड टॅक्स भरायचा नाही तिचे सॉर्न करावेच लागते, नाहीतर दंड. पूर्वी दर वर्षी नव्याने करावे लागे, २०१३च्या अखेरीपासून एकदा केले की पुरते. पुरते म्हणून लोक विसरतात, आणि फास तिथेच बसतो.

२०२४च्या फेब्रुवारीत मामूंचा इंतकाल झाला. दोन महिन्यांनी मी पुरशीसाठी गेलो. मामेभाऊ म्हणाला, “भाईजान, अब्बांची गाडी उद्या नेणार आहेत. भंगारवाला तीनशे पौंड देतोय.” मी सहज विचारले, दुसऱ्यांनी किती सांगितले? म्हणे शंभर, सव्वाशे. आता गंजलेल्या पत्र्याचा भाव एका गावात तिप्पट कसा? पस्तीस वर्षे पेढीवर बसलेल्या माणसाला याचा वास लगेच येतो. गिऱ्हाईक आखडत्या मालाला चढा भाव देते तेव्हा ते थान बघत नसते, थानात गुंडाळलेले दुसरे काही बघत असते. तो भंगारवाला आग्रहाने लॉगबुकही मागत होता, “कागद सगळे मीच करतो, तुम्ही त्रास घेऊ नका” म्हणत होता. मी मामेभावाला म्हटले, उद्या त्याला येऊ देऊ नकोस. मग एका नंबर-दलालाकडे फोन करून चौकशी केली. त्याने त्या नंबराचा भाव चार हजार पौंड सांगितला.

लॉगबुक म्हणजे गाडीच्या नोंदीचा कागद, तिकडे त्याला व्ही-५-सी म्हणतात. ज्याच्या नावाचा हा कागद त्यालाच नंबर काढता येतो. पण त्यासाठी गाडीलाही अटी आहेत. गाडी स्वान्सीला नोंदलेली हवी. स्वतःच्या इंजिनाने हलणारी हवी. एमओटी नावाची वार्षिक तपासणी जिला लागते अशा जातीची हवी. खात्याने पाहायला मागितली तर दाखवता आली पाहिजे. मागची पाच वर्षे सलग एकतर टॅक्स भरलेला किंवा सॉर्न केलेले असले पाहिजे, मध्ये खंड नको. आणि शेवटची अट अशी की सॉर्न होऊन पाच वर्षांहून जास्त काळ लोटला असेल, तर नुसते सॉर्न चालत नाही. गाडीचा टॅक्स भरलेला हवा आणि एमओटी पास हवी.

म्हणजे पाच वर्षांच्या आत जागे झालात तर गाडी रस्त्यावर न आणता, टॅक्स न भरता, ८० पौंडांत नंबर सुटतो. पाच वर्षे उलटून गेली की मेलेल्या गाडीला आधी जिवंत करावे लागते. सरकारचा हेतू उघड आहे: गाडी खरोखर अस्तित्वात आहे, कागदावरचे भूत नाही, याची खात्री त्यांना हवी. मामूंच्या गाडीला आठ वर्षे होत आली होती.

एक गोष्ट नशिबाने बरोबर झाली होती. गाडीचा कीपर बदलला की जुने सॉर्न आपोआप पडते, ते वारसाकडे जात नाही. मामेभावाने वडिलांच्या पश्चात लॉगबुक आपल्या नावावर करून घेतले तेव्हा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून त्याच दिवशी स्वतःच्या नावाने सॉर्नही केले. नाहीतर सलग पाच वर्षांचा धागा तिथेच तुटला असता. लॉगबुक हरवलेले असेल तर व्ही-६२ नावाचा अर्ज करून २५ पौंडांत नवे मागवता येते, पण त्यात आठवडे जातात.

मग गाडीची डागडुजी. बॅटरी मेलेली, टायरांना भेगा, ब्रेकच्या नळ्या गंजलेल्या, टाकीतले पेट्रोल कुजून घट्ट झालेले, दाराखालच्या पट्टीला दोन ठिकाणी भोके. मिस्त्री आपलाच एक पंजाबी भाई होता, त्याने ५९० पौंडांत सगळे केले. गाडी नवी करायची नाही, फक्त तपासणीपुरती उभी करायची, हे त्याला आधीच बजावले होते. नाहीतर मिस्त्री प्रेमाने सीटचे कव्हरही बदलतो आणि बिल दुप्पट होते. सॉर्नवरची गाडी रस्त्यावर काढणे गुन्हा आहे, पण आधी वेळ घेऊन ठेवलेल्या एमओटी तपासणीला नेण्याची मुभा आहे, विमा मात्र हवा. पहिल्या फेरीत गाडी एका दिव्यासाठी आणि वेल्डिंगसाठी नापास झाली. तिथेच दुरुस्तीला ठेवून दहा कामाच्या दिवसांत फेरतपासणी करून घेतली तर दुसरी फी पडत नाही, तसे केले. मोटारीच्या एमओटीची कमाल फी ५४ पौंड ८५ पेन्स आहे. एमओटी पास झाल्यावरच रोड टॅक्स भरता येतो, म्हणून क्रम हाच ठेवावा लागतो. टॅक्स महिन्याच्या हप्त्याने भरला. नंतर गाडी मोडीत काढली की उरलेल्या पूर्ण महिन्यांचा टॅक्स परत मिळतो, ही गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे.

इतके झाल्यावर नंबर काढणे म्हणजे चहा थंड होण्याआधीचे काम. लॉगबुकवरचा अकरा आकडी संदर्भ घालून, ८० पौंड भरून मामेभावाने खात्याच्या ऑनलाइन सेवेवर तो काढून घेतला. ज्याला हे जमत नाही त्याने व्ही-३१७ हा अर्ज लॉगबुकसह पोस्टाने पाठवावा. कीपर वारलेला असेल आणि लॉगबुक अजून त्याच्याच नावावर असेल तरी हाच अर्ज मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद जोडून करता येतो. नंबर सुटला की मर्सिडीजला तिचा जुना ‘एच’चा नंबर परत मिळाला आणि ७८६चा नंबर व्ही-७७८ नावाच्या कागदावर येऊन बसला. हा कागद दहा वर्षे चालतो, पुढे मुदत वाढवता येते, त्याला पैसे पडत नाहीत. मात्र मुदत उलटू दिली तर हक्क जातो.

आता ज्या गोष्टीने घरात खरी गरमागरमी झाली ती सांगतो. मामेभाऊ म्हणत होता, हा अब्बांचा नंबर आहे, मी तो माझ्या गाडीला लावणार, विकायचा प्रश्नच नाही. त्याची भावना खरी होती. पण दलालाने चार हजार सांगितल्यावर तो नंबर आठवणीची चीज राहिला नाही, तो तर्का झाला. मामी हयात आहेत, दोन बहिणी आहेत. सरकारी कागदावर नंबर एकट्या भावाच्या नावावर येणार, कारण कायदा कीपरला ओळखतो, वारसांना नाही. खुद्द लॉगबुकवर छापलेले असते की हा मालकीचा पुरावा नव्हे. मी म्हटले, मामूंनी मृत्युपत्रात शरीअतप्रमाणे वाटणी लिहून ठेवली आहे, मग हा नंबर तिच्याबाहेर कसा? तो माझ्यावर नाराज झाला. म्हणाला, “गाडी तर भंगार होती, भंगाराची कसली मीरास?” धाकटी बहीण तोवर गप्प होती. ती म्हणाली, “भाई, भंगार होती तर तू इतका खर्च का केलास?”

त्यावर कोणी काही बोलले नाही. मग मी जेवणाच्या टेबलावरच हिसाब मांडला. दुरुस्ती ५९०, एमओटी ५५, नंबराची फी ८०, विमा आणि महिन्याभराचा टॅक्स मिळून ७५. खर्च आठशे, तो चार हजारांतून वजा केला की उरले बत्तीसशे. मामींचा आठवा हिस्सा चारशे. राहिलेल्या अठ्ठावीसशेत मुलाला दोन, मुलींना एक-एक, म्हणजे भावाला चौदाशे आणि बहिणींना सातशे-सातशे. नंबर भावाने ठेवला आणि मामींना व बहिणींना त्यांचे पैसे दिले, त्याचा कागद केला, चौघांनी सह्या केल्या. थोरल्या बहिणीने तिचे सातशे घ्यायला नकार दिला होता. मी म्हटले, आधी हातात घे, मग वाटल्यास भावाला दे. तिने घेतले आणि ठेवूनही घेतले.

व्ही-७७८वरचा नंबर पुढे भावाच्या २०१९च्या टोयोटावर चढला. त्याला वेगळी फी नाही, ती आधीच्या ८० पौंडांत आली. इथे दोन सावधगिऱ्या. या कागदावरचा संदर्भ क्रमांक म्हणजे सही केलेला कोरा चेक समजा. तो ज्याच्या हाती लागेल तो नंबर आपल्या गाडीवर चढवू शकतो. विकताना पैसे हाती आल्याशिवाय त्याची नक्कल, फोटो, काहीही देऊ नये. दुसरी गोष्ट, नंबर ज्या गाडीवर चढतो त्या गाडीच्या कीपरकडे हक्क जातो. तिकडे पुष्कळ जण गाडी लीजवर घेतात आणि नोंद कंपनीच्या नावावर असते. हौसेने त्या गाडीवर नंबर लावला तर हक्क कंपनीच्या नावावर जातो, आणि लीज संपण्याआधी कंपनीकडून तो काढून घ्यायची लेखी व्यवस्था नसेल तर भांडत बसावे लागते. जावयाच्या गाडीवर प्रेमाने नंबर चढवणाऱ्या सासऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

अपघातात गाडी निकामी झाली तर विमा कंपनीशी तडजोड करण्याआधीच सांगावे की नंबर आम्ही ठेवणार, आणि गाडी त्यांच्या ताब्यात जाण्यापूर्वी तो काढावा. दावा मिटला की गाडी त्यांची होते.

काही घरांत याहून जुनी कहाणी असते. साठच्या दशकातली गाडी, जिची नोंद स्वान्सीच्या कॉम्प्युटरवर कधी चढलीच नाही. त्या नोंदी चढवण्याची मुदत नोव्हेंबर १९८३ला संपली. अशा गाडीचे तेव्हाचे लॉगबुक जपलेले असेल तर व्ही-७६५ नावाच्या योजनेखाली, जुन्या गाड्यांच्या मान्यताप्राप्त क्लबची शिफारस घेऊन, मूळ नंबर परत मिळवता येतो. पण असा परत मिळालेला नंबर त्या गाडीलाच कायमचा शिवलेला राहतो, दुसरीकडे हलवता येत नाही. विकण्याच्या आशेने त्यामागे धावू नये.

नंबर बदलला की दोन्ही गाड्यांच्या विमा कंपन्यांना लगेच कळवावे. प्लेट नोंदलेल्या दुकानातूनच करावी; दुकानदार ओळखपत्र आणि लॉगबुक किंवा व्ही-७७८ पाहिल्याशिवाय बनवत नाही. पुढची पांढरी, मागची पिवळी, आणि अक्षरांतले अंतर ठरल्याप्रमाणेच. नाव वाचता यावे म्हणून अक्षरे सरकवून बसवणाऱ्यांना हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो आणि एमओटीतही गाडी नापास होते. मामेभावाच्या धाकट्या मुलाने तसे करून पाहायचा हट्ट धरला होता, मामींनी तो चालू दिला नाही.

मर्सिडीज जूनमध्ये सरकारमान्य मोडीवाल्याकडे गेली. तिथे गाडी नष्ट केल्याचा दाखला सात दिवसांच्या आत मिळतो, तो मिळाला. लॉगबुकचा पिवळा भाग भरून स्वान्सीला पाठवला. तो न पाठवणाऱ्याला हजार पौंडांपर्यंत दंड आहे. गाडीचे एकशे दहा पौंड आले, ते मामींनी मशिदीच्या पेटीत टाकले. तीनशे देणारा भंगारवाला त्यानंतर दोनदा फोन करून गेला. गाडीवर आता कोणता नंबर आहे, एवढेच त्याने विचारले.